पेशन्स: एकट्याच्या डावाची वाटचाल

पत्त्यांचे बहुतेक खेळ चौघांचे, निदान दोघांचे. पेशन्स एकट्याने लावायचा. ज्याला ब्रिटनमध्ये पेशन्स म्हणतात, तोच अमेरिकेत सॉलिटेअर. युरोपात पत्ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचले, पण या खेळाचे लेखी वर्णन मिळते ते थेट 1780 च्या दशकात, एका जर्मन खेळसंग्रहात. तिथे पाने पाळीपाळीने लावली जात आणि निकालावर पैजाही लागत. म्हणजे एकांताचा हा खेळ सुरुवातीला फारसा एकट्याचा नव्हताच.

तो नेमका याच काळात का रुजला, याचे एक पटण्याजोगे कारण भविष्यकथनाच्या वेडात सापडते. फ्रान्समध्ये एतेया या ज्योतिषाने 1770 मध्ये पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचे पुस्तक काढले आणि पाने मांडून कौल घेण्याची टूम युरोपभर पसरली. डाव सुटला तर मनातले काम होणार, अडला तर नाही, हा समज पेशन्सला पुढेही चिकटून राहिला. निव्वळ या डावांचा पहिला ज्ञात संग्रह मात्र पॅरिस किंवा लंडनचा नाही; तो 1826 मध्ये मॉस्कोत छापला गेला.

सेंट हेलेना बेटावरच्या कैदेत नेपोलियनने हा खेळ शोधून काढला, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. ती खरी असण्याचा प्रश्नच नाही, कारण जर्मन वर्णन त्या कैदेच्या कितीतरी आधीचे आहे. तरीही त्याचे नाव अनेक डावांना मिळाले. इंग्लंडमध्ये खेळाला घरंदाजपणा आला तो व्हिक्टोरिया राणीच्या काळात. लेडी अ‍ॅडिलेड कॅडोगन यांचे सचित्र पुस्तक 1870 च्या सुमारास निघाले आणि दिवाणखान्यांत पेशन्स लावणे हा सभ्य विरंगुळा ठरला. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये तर फरारी कैदी मॅग्विचसुद्धा फाटक्या पत्त्यांवर पेशन्स लावताना दिसतो.

आज सॉलिटेअर म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो क्लॉन्डाइक. कॅनडातील युकॉन भागात 1896 मध्ये ज्या परिसरात सोने सापडले आणि हजारो माणसे तिकडे धावली, त्याचेच हे नाव. बावन्न पानांचा कॅट पिसून डावीकडून उजवीकडे सात गठ्ठे मांडायचे: पहिल्यात एक पान, दुसऱ्यात दोन, असे करत सातव्यात सात. यात 28 पाने जातात. प्रत्येक गठ्ठ्याचे सर्वांत वरचे पान उताणे, बाकीची पालथी. उरलेली 24 पाने हातात राहतात. गठ्ठ्यांवर पाने उतरत्या क्रमाने आणि आलटूनपालटून रंगाने लावायची. किलवरच्या दश्शीवर बदाम किंवा चौकटची नव्वी चालते, इस्पिकची नाही. जुळलेली उताणी पाने एकत्र उचलून हलवता येतात. वरचे पान हलले की खालचे पालथे पान उलटायचे. एक्का सुटला की तो वेगळा काढायचा आणि बदामच्या एक्क्यावर बदामचीच दुर्री, तिर्री असे राजापर्यंत चढत जायचे. रिकाम्या झालेल्या जागी फक्त राजा बसतो. हातातील पाने तीन-तीन करून उलटायची आणि त्यांतले वरचेच वापरायचे. एकेक पान उलटण्याचा प्रकार बराच सोपा. चारही राजे वर चढले की डाव सुटला.

नियम एवढेच, पण नवखा माणूस फसतो तो घाईमुळे. चढवता येईल ते प्रत्येक पान लगेच चढवणे शहाणपणाचे नसते. आज वर गेलेली काळी छक्की उद्या एखाद्या लाल पंजीला आधार म्हणून हवी असते. आधी लक्ष द्यायचे ते पालथी पाने उघडण्याकडे, आणि राजा मोकळा नसेल तर जागा रिकामी करून काही साधत नाही.

याच घराण्यातला, पण अधिक कठीण डाव म्हणजे कॅनफिल्ड. साराटोगा स्प्रिंग्ज येथे जुगारघर चालवणारा रिचर्ड कॅनफिल्ड कॅट 50 डॉलरना विकत असे आणि वर चढलेल्या प्रत्येक पानामागे गिऱ्हाइकाला 5 डॉलर देत असे, अशी त्याची ख्याती. दहा पाने चढली तरच पैसे परत. बहुतेक डाव त्याच्या निम्म्यावरच अडत, त्यामुळे मालकाला चिंता नव्हती.

या डावाचा सर्वांत मोठा उपयोग मात्र गणिताला झाला. 1946 मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती मेंदूच्या आजारातून उठत असताना कॅनफिल्ड लावत बसे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढू गेल्यास आकडे आवरेनात. तेव्हा त्याच्या मनात आले की शंभर डाव लावून सुटलेले मोजले तर अंदाज येईलच. हीच युक्ती त्याने जॉन फॉन नॉयमन यांच्यासोबत न्यूट्रॉनांच्या प्रवासाला लावली आणि तिचे नाव पडले माँटे कार्लो पद्धत.

पुढे पाने पिसण्याचे कामही यंत्राकडे गेले. मायक्रोसॉफ्टमधील उमेदवार वेस चेरी याने लिहिलेला क्लॉन्डाइक 1990 च्या विंडोज 3.0 बरोबर घरोघरी पोचला. पत्त्यांची चित्रे सुझन केअर यांची. माउसने वस्तू धरून ओढण्याचा सराव कितीतरी कारकुनांना याच खेळाने झाला. कचेऱ्यांतला वेळ किती खाल्ला, हा हिशेब वेगळा.

संगणकाने रूढ केलेल्या फ्रीसेलमध्ये तर नशीब फक्त मांडणीपुरतेच उरते, कारण सगळी पाने सुरुवातीपासून उताणी असतात. पॉल अल्फिल याने तो 1978 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो संगणकावर बसवला. विंडोजमधील आवृत्तीत क्रमांक दिलेले 32,000 डाव होते. हौशी खेळाडूंनी ते वाटून घेऊन सोडवले, आणि सुटला नाही तो एकच: क्रमांक 11982.