दोन राजे आणि उलटा वारा : टाऊटनची लढाई

‘गेम ऑफ थ्रोन्स’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्या गोष्टीमागे इंग्लंडमधली एक खरीखुरी भाऊबंदकी आहे. एकाच राजघराण्याच्या दोन शाखा, यॉर्क आणि लँकेस्टर. आज मी त्यातल्या सगळ्यात रक्तरंजित दिवसाबद्दल बोलणार आहे : २९ मार्च १४६१.

तेव्हा इंग्लंडला चक्क दोन राजे होते. लँकेस्टरचा सहावा हेन्री मनाने दुबळा. १४५३ मध्ये तर त्याचं भान हरपलं, ते वर्षभराहून जास्त काळ. दुसरा यॉर्कचा एडवर्ड, वय अवघं अठरा, उंची सहा फूट चार इंच. तीन महिन्यांपूर्वीच त्याचे वडील लढाईत मारले गेले होते आणि शत्रूने त्यांचं मुंडकं यॉर्क शहराच्या वेशीवर टांगलं होतं. ४ मार्चला लंडनमध्ये एडवर्डला राजा म्हणून जाहीर केलं गेलं. आता माघार कुणालाच शक्य नव्हती.

टाऊटनला दोन्ही फौजा भिडल्या तेव्हा बर्फ पडत होता आणि वारा लँकेस्टरवाल्यांच्या तोंडावर होता. त्यांचे बाण अलीकडेच पडायचे, यॉर्कचे मात्र थेट पोचायचे. वर यॉर्कवाल्यांनी शत्रूचेच पडलेले बाण उचलून परत मारले! शेवटी लँकेस्टरची फळी फुटली. पळणारे कितीतरी जण कॉक नावाच्या ओढ्यापाशी कापले गेले, बुडाले.

त्या काळच्या पत्रांत मेलेल्यांचा आकडा २८,००० येतो. आजच्या बऱ्याच इतिहासकारांना तो फुगवलेला वाटतो, आणि मलाही. पण १९९६ मध्ये टाऊटनला बांधकाम चालू असताना एक सामूहिक कबर सापडली. तीसहून जास्त सांगाडे, बहुतेक कवट्यांवर एकाहून जास्त घाव. त्यात कोवळी पोरंही होती. आकड्यावर वाद घालता येतो हो, या कवट्यांवर कसा घालणार?

आणि हेन्री? तो रणांगणावर नव्हताच. यॉर्क शहरात होता, तिथून स्कॉटलंडला निसटला. १४७० मध्ये तर काही महिने पुन्हा गादीवर बसला. १४७१ मध्ये एडवर्डने ती परत हिसकावली आणि हेन्री लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत मेला.

म्हणजे ज्या निकालासाठी एवढी माणसं मेली, तो दहा वर्षंही टिकला नाही. राजांना दुसरी संधी मिळाली. त्या कबरीतल्यांची तर नावंही आपल्याला माहीत नाहीत.

भेटू पुढच्या भागात!