साताऱ्याच्या पेठांतील बांधकामाचा परवाना

अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तर उतारावर जे शहर वसले, त्यात घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थाला सर्वांत आधी विचार करावा लागतो तो पाण्याचा. कारण वरच्या घराचे सांडपाणी खालच्या घराच्या भिंतीत मुरते, आषाढात एकाच्या कौलांवरच्या पागोळ्या दुसऱ्याच्या ओट्यावर कोसळतात, आणि दोन घरांमधला हातभर रुंदीचा बोळ कोणी बुजवला तर तिसऱ्याच्याच माजघरात ओल चढते. बांधकामाच्या परवान्याचा विषय आज आपण नगरपालिकेची खिडकी, चलन आणि फाइल यांच्याशी जोडतो. परंतु साताऱ्यासारख्या लहान शहराचा इतिहास पाहू जाता या परवान्याचे मूळ सरकारी हुकमात नसून शेजाऱ्याच्या हक्कात आहे, आणि पुढच्या काळात जे जे बिघडले ते या मुळाचा विसर पडल्यामुळे बिघडले, अशी माझी धारणा झाली आहे.

१७०८ साली किल्ल्यावर शाहू महाराजांना राज्याभिषेक झाल्यानंतर पायथ्याशी हळूहळू वस्ती वाढली आणि शनिवार, मंगळवार, शुक्रवार अशा वारांच्या नावांच्या पेठा उभ्या राहिल्या. मराठी राज्यात पेठ वसवण्याची रीत ठरलेली होती. वसाहत करणाऱ्यास सरकारातून कौल मिळे, व्यापारी व कारागिरांनी येऊन राहावे म्हणून काही वर्षे कर माफ होत, आणि पेठेचा कारभार शेटे-महाजनांकडे सोपवला जाई. जागा नेमून देणे, रस्ता सोडून घर बांधावयास लावणे, दोघांचा तंटा पडला तर जाग्यावर जाऊन पाहणे, ही कामे या मंडळींची. पुण्यासारख्या मोठ्या शहरी हाच अधिकार कोतवालाकडे असे. रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे कज्जे तोडणे हे त्याच्या कर्तव्यांपैकी एक मुख्य कर्तव्य मानले जाई.

त्या काळच्या खरेदीखतांत घराचा नकाशा नसतो, चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचा वाडा, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस सामाईक भिंत, उत्तरेस तमक्याची बखळ. आणि त्याखाली साक्षीदार म्हणून बहुधा त्याच शेजाऱ्यांची नावे. घराच्या मर्यादा कागदाने ठरत नसत, त्या मर्यादांपलीकडे राहणाऱ्या माणसांच्या संमतीने ठरत. सामाईक भिंतीत तुळईचे टोक किती आत घालावे, शेजाऱ्याच्या अंगणाकडे खिडकी काढावी की नुसता झरोका ठेवावा, पागोळ्या कोणाच्या हद्दीत पडाव्यात, या बाबी त्या काळी हक्काच्या मानल्या जात आणि त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या वैरही चाले. ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. ज्याचे पेठेत वजन होते त्याचा ओटा रस्त्यात सरकला तरी बोलण्याची कोणाची छाती होत नसे, आणि कोणत्या जातीने कोणत्या आळीत घर बांधावे हे तर जागेच्या मागणीआधीच ठरलेले असे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी परवान्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. हा अन्याय त्या व्यवस्थेच्या पायातच होता.

१८४८ साली शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या मृत्यूनंतर साताऱ्याचे राज्य खालसा झाले, आणि १८५३ साली शहरात नगरपालिका स्थापन झाली. ही स्थापना १८५० च्या २६ व्या कायद्यान्वये झाली. त्या कायद्यात गावच्या रहिवाशांनी मागणी केल्यास नगरपालिका देण्याची तरतूद होती. या आरंभीच्या नगरपालिका दिवाबत्ती, झाडलोट आणि पाणी यांत गुंतलेल्या होत्या. लोकांच्या घरांच्या आत डोकावण्याचा त्यांचा विचार नव्हता. त्याहून दूरगामी परिणाम झाला तो मोजणीचा. १८६८ च्या मुंबई कायद्याने शहरांच्या मोजणीची आणि घरमालकांना सनदा देण्याची वाट मोकळी झाली, आणि जी हद्द आजवर शेजाऱ्याच्या तोंडी होती ती भूमापनाच्या क्रमांकात आली. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाल्यावर वीस वर्षे अखंड उपभोगलेला उजेड आणि हवा यांचा हक्क त्या कायद्याच्या आधारे दिवाणी न्यायालयात मागता येऊ लागला. म्हणजे ज्या तक्रारी पूर्वी पेठेच्या चावडीत मिटत त्या आता वकिलाच्या ओसरीवर गेल्या.

नंतर प्लेग आला. १८९६ साली मुंबईत सुरू झालेली साथ पुणे-सातारा भागात पसरली, लोक घरे सोडून माळावर झोपड्यांत राहू लागले, आणि अंधाऱ्या माजघरांकडे व बाळंतिणीच्या कोंदट खोल्यांकडे सरकारची नजर आरोग्याच्या दृष्टीने वळली. साथ आवरण्याच्या नावाखाली त्या वेळी झालेली जुलूमजबरदस्ती सर्वश्रुत आहे. परंतु खोलीला खिडकी हवी, घरामागे मोकळी जागा हवी, मोरीचे पाणी वाहते राहिले पाहिजे, ही शिकवण त्याच संकटाने दिली हेही मान्य केले पाहिजे. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याच्या ९६ व्या कलमाने नवे घर बांधण्यापूर्वी नगरपालिकेला लेखी नोटीस देणे बंधनकारक केले. साताऱ्यासारख्या शहरात ज्याला आपण बांधकामाचा परवाना म्हणतो तो अशा नोटिशीतूनच आकाराला आला.

या परवान्याबरोबर नकाशा आला, आणि नकाशाला रंगांची स्वतंत्र भाषा होती. नवे काम तांबड्या रंगाने भरावयाचे, पाडावयाचे काम पिवळ्या रेघांनी दाखवावयाचे, सांडपाण्याची वाट तांबड्या तुटक रेषेने आणि नळाची काळ्या तुटक रेषेने काढावयाची. मूळ रेखाटन ट्रेसिंगच्या कापडावर, आणि त्याच्या प्रती निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांच्या. असा एखादा नकाशा उलगडला म्हणजे एखाद्या वाड्याची अवघी स्थित्यंतरे नजरेसमोर उभी राहतात. चौकाभोवतीच्या चार सोप्यांपैकी मागचा सोपा पिवळ्या रेघांत गेलेला असतो, त्या जागी तांबड्या रंगात दोन भाडेकरूंच्या खोल्या आलेल्या असतात, जिन्याखालचा देवघराचा कोनाडा पुढच्या नकाशात दिसेनासा होतो आणि तुळशीवृंदावनाच्या शेजारी नळाची काळी तुटक रेषा येऊन थांबते. कारकुनाने नोंद केली, ओव्हरसियरने जागा पाहून शेरा मारला, आणि कमिटीने मंजुरी दिली, या सर्वांच्या सह्या त्याच कागदाच्या कोपऱ्यात असतात. जाग्यावर जाऊन पाहण्याची जुनी रीत ओव्हरसियरच्या त्या शेऱ्यात तरी शिल्लक होती.

पुढचा इतिहास कायद्यांचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर विकास योजना करण्याचे बंधन घातले, आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आला. अर्जाचा निर्णय साठ दिवसांत कळवला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, ही नागरिकाच्या हिताची तरतूद याच अधिनियमात आहे. तिचा आधार घेण्याचे धैर्य मात्र लहान शहरातील घरमालकाला क्वचितच होते, कारण पुढे जोते तपासणीला आणि भोगवट्याच्या दाखल्याला त्याच कचेरीत जावयाचे असते. सामासिक अंतरांचे, म्हणजे घराभोवती सोडावयाच्या मोकळ्या जागेचे, नियम मोकळे प्लॉट डोळ्यांसमोर ठेवून रचले गेले. गावठाणाला सवलती दिल्या गेल्या, पण ज्या अरुंद, लांबट जागांत दोन्ही बाजूंच्या भिंती शतकभर सामाईक होत्या, त्यांचा स्वभाव नियमांत पुरता उतरला नाही. नव्या फाइलीत शेजारी चतुःसीमेच्या एका ओळीपुरता उरला, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

२ डिसेंबर २०२० रोजी मुंबई व काही क्षेत्रे वगळून सर्व राज्यासाठी एकत्रित नियमावली मंजूर झाली, लहान भूखंडांवरील घरांची परवानगी सुलभ झाली, आणि अर्ज संगणकावर जाऊ लागले. दिरंगाई यामुळे कमी होत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र उतारावरचे पाणी कोणाच्या भिंतीकडे वळते हे पडद्यावरच्या नकाशात दिसत नाही, तेव्हा जाग्यावरची पाहणी कोणत्याही सबबीवर वगळली जाऊ नये.

आणखी एक विनंती आहे. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून मुदत संपलेले कागद नष्ट करण्याची पद्धत आहे. पेठांतील वाडे एकामागून एक पडत असताना त्यांची मापे, चौक, जिने आणि खिडक्या यांची लेखी साक्ष पुष्कळदा केवळ जुन्या परवान्यांच्या नकाशांतच उरते. साताऱ्याच्याच नव्हे, तर वाई, कऱ्हाड, पंढरपूर अशा सर्व जुन्या नगरपालिकांनी हे नकाशे कायम जतनाच्या वर्गात घालावेत, ओल व वाळवीपासून त्यांचे रक्षण करावे आणि अभ्यासकांना ते पाहू द्यावेत. आणि ज्या वाचकांच्या घरी अशा मंजूर नकाशाची निळी प्रत ट्रंकेत पडून असेल त्यांनी ती रद्दीत न घालता आपल्या गावच्या ग्रंथालयाकडे सोपवावी.