अस्सल बरहुकूम : स्टॉक ड्रॅग शर्यती आणि इंजिनाची झडती

'स्टॉक' या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द देता येत नाही. दुकानातला माल, भागबाजारातला समभाग, बंदुकीचा दस्ता असे त्याचे अनेक अर्थ आहेत. मोटारशर्यतींच्या अमेरिकन जगात मात्र त्याला एक विशेष अर्थ आहे : कारखान्याने ज्या स्थितीत गाडी विकली त्याच स्थितीत ती असणे. आपल्या जुन्या दप्तरांत कागदाची नक्कल करणारा कारकून 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारीत असे. 'स्टॉक'चा भाव त्या शेऱ्याच्या बराच जवळचा आहे. फरक एवढाच की कारकुनाच्या शेऱ्यावर सहसा कोणी संशय घेत नसे, आणि स्टॉक वर्गातील विजेत्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. शर्यत जिंकली की त्याने गाडी तपासणीच्या छपरीत न्यायची, इंजिनाचे हेड उतरवायचे, आणि आत काय आहे ते तपासनिसाला दाखवायचे. या विधीला तिकडे 'टिअरडाऊन' म्हणतात. त्याच्या इतिहासात मला रस वाटला तो गाड्यांच्या वेडापायी नव्हे. 'मूळ' म्हणजे काय, आणि ते कोणी ठरवायचे, हा आपल्या अभ्यासविषयातला जुना प्रश्न तेथे तेलकट हातांनी, पण कमालीच्या काटेकोरपणे हाताळला गेलेला दिसतो म्हणून.

आरंभ ड्रॅग शर्यतींच्या थोडा बाहेर आहे. १९ जून १९४९ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे 'नॅसकार' या तेव्हा नव्याने स्थापन झालेल्या संघटनेने 'स्ट्रिक्टली स्टॉक' अशा स्पष्ट नावाची पहिली शर्यत भरवली. धुळीच्या गोल मार्गावर ग्लेन डनवे याने १९४७ची फोर्ड गाडी सर्वांत पुढे आणली. तपासणीत मात्र असे आढळले की गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला आहे. चोरटी दारू वाहणारे लोक गाडी वळणावर स्थिर राहावी म्हणून जी युक्ती करीत, तीच ही युक्ती होती. डनवेचा विजय रद्द झाला आणि लिंकन गाडी चालवणाऱ्या जिम रोपरला तो मिळाला. गाडीच्या मालकाने दहा हजार डॉलरचा दावा लावला, आणि न्यायालयाने तो फेटाळला. या निकालाचे महत्त्व रकमेत नाही. शर्यत कोण जिंकले हे ठरवण्याचा अधिकार अंतिम रेषेकडून तपासनिसाकडे गेला, आणि तो तसा जाणे न्यायालयात टिकले, हे खरे महत्त्वाचे.

ड्रॅग शर्यत ही त्या मानाने अगदी साधी गोष्ट आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि सरळ पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावतात. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्ससमधील ग्रेट बेंड येथे झाली, आणि १९६१पासून ती इंडियानापोलिसला स्थिरावली. संघटनेपुढचा प्रश्न असा होता की सामान्य माणसाने रोज कामावर नेण्याची गाडी आणि प्रचंड इंजिनाची महागडी गाडी यांना एका पट्टीवर न्यायाने कसे उभे करायचे? त्यावर काढलेले उत्तर कारकुनी होते, आणि म्हणूनच फार काळ टिकले. गाडीचे कारखान्याने जाहीर केलेले वजन घ्यायचे, त्याला कारखान्याने जाहीर केलेल्या अश्वशक्तीने भागायचे, आणि येणाऱ्या भागाकारावरून गाडीचा वर्ग ठरवायचा.

यात 'जाहीर केलेले' हा शब्द निसरडा आहे. भागाकार गाडीचा नव्हता, गाडीविषयीच्या कागदाचा होता. मोटार कंपन्यांना हे फार लवकर उमगले. अश्वशक्ती कमी जाहीर केली तर गाडी सोप्या वर्गात जाते, शिवाय विमा कंपन्यांनाही भडक आकडा दिसत नाही. १९६८ साली फोर्डने ४२८ घन इंचांचे 'कोब्रा जेट' इंजिन घातलेली मस्टँग आणली आणि तिची शक्ती ३३५ अश्वशक्ती असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी पोमोनाच्या हिवाळी स्पर्धेत अल जोनिएक यांनी त्या गाडीवर सुपर स्टॉकचे विजेतेपद मिळवले. ती ३३५ची नव्हती हे पाहणाऱ्याला कळत होते. तिची खरी शक्ती चारशेच्या पुढे असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. शेवटी संघटनेला कंपन्यांचे आकडे बाजूला ठेवून स्वतःचे आकडे लावण्याची पद्धत अवलंबावी लागली. म्हणजे मूळ ग्रंथकाराच्या साक्षीवर अवलंबून राहता येत नाही, हे येथे व्यवहाराने सिद्ध झाले.

'मूळ' संख्येने सिद्ध करण्याचा प्रयत्नही झाला. अमुक इतक्या गाड्या बांधल्या असतील तरच ती गाडी 'स्टॉक' मानायची, असा नियम आला. पन्नास गाड्यांच्या अटीसाठी इलिनॉयमधील फ्रेड गिब या शेव्हरले विक्रेत्याने १९६९च्या मॉडेलच्या, अॅल्युमिनियमच्या झेडएल-१ इंजिनाच्या पन्नास कमॅरो मागवल्या. एकूण ६९ गाड्या बांधल्या गेल्या. एकट्या इंजिनाची किंमतच चार हजार डॉलरच्या वर होती, त्यामुळे त्यांतील अनेक गाड्या विक्रेत्यांकडे पडून राहिल्या. आज त्या संग्राहकांच्या दृष्टीने अमूल्य आहेत. त्या वेळी मात्र केवळ नियमातील एक रकाना भरण्यासाठी त्या जन्माला आल्या होत्या.

आता छपरीत जाऊ. हेड उतरवले की पहिले काम ज्वलनकक्षाचे घनफळ मोजण्याचे. हेड उलटे ठेवायचे, कक्षाच्या कडेला ग्रीस लावून त्यावर भोक पाडलेली पारदर्शक काच बसवायची, आणि रसायनशाळेत असते तशा ब्युरेटमधून रंगीत द्रव थेंबाथेंबाने आत सोडायचा. द्रव काचेला टेकला की आकडा वाचायचा. हे दृश्य पाहताना शर्यतीच्या मैदानाची नव्हे, महाविद्यालयातील प्रात्यक्षिकाच्या तासाची आठवण होते. त्या थेंबांना किती किंमत असते ते एका हिशेबाने कळेल. शेव्हरलेच्या ३५० घन इंची इंजिनात सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि पिस्टनची धाव ३.४८ इंच असते. म्हणजे एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ७१६.६ घन सेंटिमीटर भरते. पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा ७९.६ घन सेंटिमीटर असेल तर दाबाचे प्रमाण दहास एक येते. तीच जागा पाचने कमी केली तर ते १०.६ होते. पाच घन सेंटिमीटर म्हणजे चहाचा एक चमचा. स्टॉक वर्गातील प्रतिष्ठा, विक्रम आणि भांडणे एवढ्या चमच्यात मावतात.

यानंतर कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह किती उघडतो हे या दांड्यावरील उंचवटे ठरवतात. नियम सांगत असे की व्हॉल्व्हची उचल कारखान्याइतकीच असली पाहिजे. तपासनीस डायल गेज लावून सर्वांत मोठी उचल मोजी, आणि ती बरोबर निघे. पण उचल तेवढीच ठेवून व्हॉल्व्ह लवकर उघडला, उशिरा मिटवला आणि मधल्या काळात अधिक वेळ उघडा ठेवला, तर इंजिन कितीतरी अधिक हवा घेते. असे कॅम बाजारात उघडपणे 'चीटर कॅम' या नावाने विकले जात. फसवणुकीचे साधन त्याच नावाने विकायला ठेवण्याइतका मोकळेपणा मला अन्यत्र क्वचितच आढळला आहे. संघटनेने काही काळ हा खेळ रोखण्याचा प्रयत्न केला, आणि अखेरीस उचल तेवढी कायम ठेवून बाकीचे मोकळे केले. ज्याची झडती घेणे परवडत नाही ते गुन्ह्याच्या यादीतून वगळावे, हा शहाणपणा येथेही उपयोगी पडला.

हेडमधील हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून मोठ्या करायच्या नाहीत हा आणखी एक नियम. घासले की हत्याराची खूण राहते, म्हणून काहींनी आम्लाचा मार्ग धरला. लोखंड आम्लात झिजवले की वाट रुंद होते आणि हत्याराची खूण उरत नाही. त्यावर तपासनिसाचा उपाय बोटांचा होता. ओतीव लोखंडाला वाळूच्या साच्याचा एक विशिष्ट खरखरीतपणा असतो. तो नाहीसा झालेला अनुभवी बोटाला कळतो. हेडवर आणि ब्लॉकवर ओतकामाचे क्रमांक व तारखाही असतात. शेव्हरलेच्या ब्लॉकवर महिन्याचे अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक असतो, सी, १४, ९ असे दिसले तर १४ मार्च, आणि १९६९ (किंवा १९५९ अथवा १९७९, हे बाकीच्या पुराव्यावरून ठरवायचे). हस्तलिखिताचा कागद, शाई आणि पुष्पिका पाहून काळ ठरवणाऱ्या अभ्यासकाला हे काम परके वाटणार नाही.

सर्वांत मार्मिक गोष्ट मात्र लबाडीत नाही, प्रामाणिकपणात आहे. कारखान्याच्या आराखड्यात प्रत्येक मापाला थोडी सूट असते. प्रत्यक्ष कारखान्यातून निघालेल्या इंजिनात आठ कक्षांची आठ निराळी घनफळे असत, कारण तेथे घाई होती आणि माणसे होती. शर्यतीचा कसबी कारागीर इंजिन खोलून प्रत्येक माप सुटीच्या आत, पण आपल्याला लाभदायक अशा टोकावर नेऊन ठेवतो. याला 'ब्लूप्रिंटिंग' म्हणतात. बिल जेन्किन्स यांची १९६६ची शेव्ही-२ आणि जेरे स्टाल यांची हेमी इंजिनाची प्लिमथ यांच्यातील त्या वर्षीची ए-स्टॉकची चुरस गाजली, ती अशाच तयारीच्या बळावर. असे इंजिन प्रत्येक मापाला नियमात बसते. तरीही तसे इंजिन कोणत्याही ग्राहकाला कारखान्याने कधी विकलेले नसते. ते आराखड्याशी प्रामाणिक असते, कारखान्याशी नव्हे. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती जशीच्या तशी कोणा एका पोथीत सापडत नाही, तसेच हे आहे. त्या आवृत्तीवर जो आक्षेप घेतला जातो तोच या इंजिनावर घेता येतो, आणि माझ्या मते दोन्हीकडे तो अपुरा आहे. कारण दुसरी कोणतीही कसोटी याहून अधिक मनमानी ठरते.

या व्यवस्थेत सिद्धतेचा भार विजेत्यावर असतो, हे विसरून चालणार नाही. हरलेल्याचे इंजिन कोणी खोलत नाही. इंडियानापोलिसला आपला वर्ग जिंकणे म्हणजे हेड उतरवण्याची तयारी ठेवणे. गॅस्केट फुकट जातात, सगळे पुन्हा जुळवावे लागते, आणि पुढची फेरी उभी असते. म्हणून जिंकूनही फार वेगाने जायचे नाही, रेषेआधी पाय उचलायचा, ही सावध नीती या वर्गात रुजली. फार वेगाने गेले तर संघटना त्या इंजिनाची अश्वशक्ती वाढवून लिहिते आणि त्याच इंजिनाच्या सगळ्या मालकांना त्याचा भुर्दंड पडतो. आपल्या ताकदीचा पुरावा लपवीत जिंकणारा खेळाडू हे या नियमांचे अपत्य आहे.

काळ गेला तशा त्या गाड्या 'क्लासिक' झाल्या आणि प्रश्नाला वेगळी धार आली. मिशिगनमधील स्टँटन येथे १९९०च्या दशकाच्या मध्यापासून जुन्या 'मसल कार' गाड्यांच्या 'प्युअर स्टॉक' शर्यती होऊ लागल्या. अरुंद टायर, जवळच्या वेळांच्या दोन गाड्यांची जोडी, तीनपैकी दोन धावा जिंकणारा विजयी, असा हा घरगुती वाटणारा प्रकार. तपासणी मात्र आहेच. दुसऱ्या बाजूला 'फॅक्टरी अपिअरिंग स्टॉक टायर' नावाचा पंथ निघाला. त्याची अट दिसण्याची आहे. बाहेरून गाडी कारखान्यातल्यासारखी दिसली पाहिजे, आत काय करायचे ते करा. त्यांतील काही गाड्या अरुंद टायरांवर पाव मैल दहा सेकंदांच्या आत कापतात. त्या पाहायला मजा येते हे मान्य करूनही मला स्टँटनचा कंटाळवाणा हट्ट अधिक आदरणीय वाटतो.

पण तेथेही एक पेच आहे. मूळ ब्लॉक, मूळ हेड आणि जुळणारे क्रमांक असलेल्या गाडीची किंमत त्या क्रमांकांवर उभी असते. तपासनिसाला सर्वांत उपयुक्त ठरेल अशी ही अस्सल गाडी मालक शर्यतीत आणायलाच कचरतो. ब्लॉकचा माथा सपाट करण्यासाठी घासला तर शेव्हरलेच्या ब्लॉकवर ठोकलेली अक्षरे नाहीशी होतात, आणि ती पुन्हा ठोकणाऱ्यांचा वेगळा धंदा चालतो. त्यामुळे न खोलता तपासण्याची साधने आली. 'व्हिसलर' नावाचे यंत्र स्पार्क प्लगच्या भोकातून आतल्या पोकळीचा नाद ऐकून दाबाचे प्रमाण सांगते. ब्युरेटची जागा कानाने घेतली.

मोठ्या कंपन्याही परत आल्या. फोर्डने २००८ साली पन्नास नव्या कोब्रा जेट मस्टँग शर्यतीसाठी बांधल्या. शेव्हरलेने २०१२ साली शर्यतीची कमॅरो काढली, आणि जुन्या झेडएल-१ची आठवण म्हणून नेमक्या ६९च बांधल्या. त्या गाड्यांना रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळू शकत नव्हता. स्टॉक वर्गात त्या धावल्या.