एका नगरीत दोन बिशप

धर्मसमाजात कलह माजला की तो श्रद्धेविषयीच असावा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मुंबईच्या कॅथलिक समाजाला दोनशे वर्षे दुभंगून ठेवणाऱ्या तंट्याचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज टिकत नाही. तेथे दोन्ही पक्षांची प्रार्थना एक होती, संस्कार एक होते, आणि पोपचे श्रेष्ठत्व दोघेही मानीत. वाद होता तो एवढाच की, धर्मगुरू नेमण्याचा अधिकार कोणाचा? आम्हां वकिलांच्या भाषेत सांगायचे तर हा अधिकारक्षेत्राचा दावा होता. आणि असे दावे श्रद्धेच्या वादाहूनही चिवट असतात.

पूर्वेकडील चर्चना आश्रय द्यावा आणि बिशपांची नावे सुचवावीत, असा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्यालाच पाद्रोआद म्हणत. पुढे १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसाराचे काम थेट आपल्या हाती घेण्यासाठी प्रोपागांडा ही संस्था स्थापिली. एकाच धन्याच्या घरी दोन कारभारी झाले. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना राजकीय संशयावरून बाहेर काढले व त्यांच्या जागी प्रोपागांडाचे कार्मेलाईट आणले. १७८९ मध्ये सरकारने चर्च पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपाकडे सोपविली. पण दोनच वर्षांत तो निर्णय फिरला. अखेर १७९४ मध्ये चार पॅरिशांची वाटणी दोन-दोन अशी झाली. भाऊबंदकीतील वाटणीसारखीच ही वाटणी. तिने तंटा मिटला नाही, उलट त्याला हद्दीचे दगड मिळाले.

१८३८ मध्ये पोपने पाद्रोआदच्या कित्येक पीठांचा अधिकार काढून घेतला. गोव्याच्या बाजूने तो हुकूम मानण्यास नकार दिला आणि कटुता वाढली. १८५३ मध्ये तिने टोक गाठले. वरच्या माहीमचे सेंट मायकेल चर्च पाद्रोआदकडे जाणार असे दिसताच प्रोपागांडाचे बिशप हार्टमन आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये जाऊन बसले, आणि विरुद्ध पक्षाने बाहेरून वेढा घातला. पंधराव्या दिवशी सरकारला मध्ये पडून वेढा उठवावा लागला. चर्च अखेर पाद्रोआदकडे गेले. एकाच क्रुसापुढे गुडघे टेकणारी माणसे परस्परांचे दाणापाणी तोडण्यापर्यंत गेली, याहून मोठा पराभव तो कोणता?

तंटा मिटविण्याचे प्रयत्न दोन टप्प्यांनी झाले. १८८६ च्या करारान्वये मुंबईचे आर्चबिशपपद निर्माण झाले. परंतु पाद्रोआदची चर्च नव्या दमण पीठाखाली राहिली. म्हणजे दुहेरी अंमल कायमच राहिला. फक्त त्यावर सही-शिक्का पडला. १९२८ च्या करारात दोन्ही अंमल एक झाले. मात्र मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व इंग्रज असावा, अशी अट घालण्यात आली. त्यानुसार प्रथम लिमा आले आणि १९३७ मध्ये रॉबर्ट्स. रोम व लिस्बन यांनी परस्परांचा मान राखला. ज्यांच्यासाठी ही पाळी ठरली, त्या मुंबईकरांना मात्र त्या पाळीत जागाच नव्हती. १९५० मध्ये पोर्तुगालने तो हक्क सोडला, रॉबर्ट्स पायउतार झाले आणि व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय.

या पत्रिकेच्या वाचकांना त्यातील मर्म विशेष जाणवेल. मुंबई, साष्टी व वसईचे मूळचे ख्रिस्ती मराठी बोलत. त्यांनी १८८७ मध्ये ईस्ट इंडियन हे नाव घेतले, ते पोटापाण्यासाठी आलेल्या गोवेकरांहून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावे म्हणूनही. गोवेकरांच्या घरात कोंकणी. अधिकाराचा वाद वर चालू असता खाली नोकरीचा, मानाचा, बोलीचा दुरावा त्याला इंधन पुरवीत होता. ग्रेशियस गोमंतकीय कुळातले, पण मुंबईच्या धर्मपीठाचे; म्हणून त्यांच्या नेमणुकीने करारांच्या कलमांपेक्षा अधिक काही साधले.

मग दुहेरी अंमल हेच काय ते कलहाचे मूळ? आम्हांस तसे वाटत नाही. टावर चौकापाशी वावरणाऱ्या आम्हां उज्जैनच्या मराठी मंडळींना याचे दुसरे उदाहरण जवळच सापडते. केरळच्या सिरो-मलबार पंथाला १९६२ मध्ये चांदा येथे आणि १९६८ मध्ये उज्जैन येथे स्वतंत्र क्षेत्र मिळाले. येथे मुलूखच वेगळा करून दिला गेला. पुढे १९८८ मध्ये याच पंथाचे कल्याण पीठ स्थापन झाले, तेव्हा मुंबईच्या परिसरात पुन्हा दोन बिशपांचा अंमल आला. मतभेद झाले, पण माहीमचा वेढा पुन्हा पडला नाही. कारण कोणी कोणाच्या पंथातला हे जन्मापासून ठरलेले, आणि वाद आल्यास अखेरचा शब्द कोणाचा, हेही दोघांना मान्य.

तात्पर्य, दोन अधिकारी असणे हे संकट नव्हे. अधिकाराची सीमा संदिग्ध असणे हे संकट. ती सीमा आखताना ज्यांच्या अंगणातून रेघ जाणार त्यांना विचारले पाहिजे. माहीमच्या भाविकांना तसे कोणी वेळेवर विचारले असते, तर हार्टमनांना चर्चची दारे आतून लावून घेण्याची पाळी कदाचित आली नसती.