तेरा वर्षांचा सिनेमा आणि त्यामागची चूल



कुणी गटाच्या बैठकीला बसल्या असाल, कुणी शेंगा फोडत असाल, कुणी संध्याकाळच्या भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज आपण इतिहासाच्या सिनेमाबद्दल बोलणार आहोत. राजेरजवाड्यांच्या आणि तलवारी-घोड्यांच्या सिनेमाबद्दल मात्र नाही. साध्या माणसांना समोर बसवून, त्यांच्याच तोंडून त्यांच्या गावाची हकीगत ऐकवणारा जो सिनेमा असतो त्याबद्दल. त्याला माहितीपट म्हणतात. काही माहितीपट तर तीन-चार तासांचे असतात. त्यात मोठे नट नसतात, नाचगाणी नसतात, तिकिटाचा गल्लाही नसतो. मग असल्या सिनेमाला पैसा लावतं कोण? आणि कुणीच लावला नाही तर तो पुरा होतो कसा?

याचं उत्तर शोधायला आपण जपानच्या एका भातपिकाच्या खेड्यात जाऊ.

जपानमध्ये शिन्सुके ओगावा नावाचे दिग्दर्शक होऊन गेले. १९६६ साली तिथल्या सरकारनं ठरवलं, की राजधानी टोकियोजवळ सानरिझुका इथं मोठा विमानतळ बांधायचा. तिथले लोक शेतकरी. जमीन जाणार म्हटल्यावर त्यांनी विरोध सुरू केला. १९६८ साली ओगावा आणि त्यांचे साथीदार कॅमेरा घेऊन तिथं गेले. एक दिवस येऊन चित्रण करून निघून जाणारे ते नव्हते. ते शेतकऱ्यांमध्येच राहिले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी या लढ्यावर एकामागून एक असे कितीतरी माहितीपट केले. त्यातल्या एकात शेतकऱ्यांच्या घरच्या बायका स्वतःला साखळ्यांनी बांधून घेऊन पोलिसांसमोर उभ्या असलेल्या दिसतात. विमानतळ शेवटी झाला, १९७८ साली तो सुरूही झाला. पण तिथल्या बायाबापड्यांनी काय सोसलं, काय केलं, त्याचा पुरावा त्या सिनेमांत राहिला.

हे सिनेमे दाखवायलाही कुठलं मोठं थिएटर मिळणार नव्हतं. मग या मंडळींनी दाखवण्याचं कामही स्वतःच्या अंगावर घेतलं. पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन गावोगाव, शहरोशहरी खेळ लावायचे. जमलेल्या पैशांतून पुढच्या कामाची सोय बघायची. तेवढ्यानं भागलं नाही तर उसनंपासनं करायचं.

आता तो काळ समजून घ्या. तेव्हा मोबाईल नव्हता. चित्रण फिल्मच्या रिळावर व्हायचं. असं एक मोठं रीळ साधारण ११ मिनिटं चालायचं. ११ मिनिटं झाली की रीळ संपलं, दुसरं घाला. रीळ विकत घ्यायचं, मग ते धुवायला प्रयोगशाळेत द्यायचं, त्याचे पैसे वेगळे. एखादी आजी बोलता बोलता थांबली, डोळे पुसायला लागली, तरी इकडे रीळ फिरतंच आहे, म्हणजे पैसा जळतोच आहे. तीन तास ४२ मिनिटांचा सिनेमा करायचा तर नुसता शेवटी दिसणारा भागच २० रिळांचा होतो. आणि जेवढं दाखवायचं त्याच्या कितीतरी पट आधी चित्रित करावं लागतं. म्हणून गरीब सिनेमावाल्यांचा मोठा प्रश्न असायचा, की रीळ कधी सुरू करायचं? त्यासाठी समोरचं माणूस ओळखीचं हवं. कोण कधी बोलतं, कुठल्या गोष्टीवर गप्प होतं, हे आधी माहीत हवं. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी त्याऐवजी वेळ घातला.

हा वेळ किती? १९७४ साली ओगावांची मंडळी उत्तरेकडच्या यामागाता भागात मागिनो नावाच्या खेड्यात राहायला गेली. तिथं मिचिओ किमुरा नावाचे शेतकरी होते. ते कविताही करायचे. त्यांनीच यांना गावात बोलावलं, राहायला जागा दिली. या मंडळींनी गावकऱ्यांकडून शेताचे तुकडे घेतले आणि भात लावायला शिकायला सुरुवात केली. शहरातली पोरं! चिखलात पाय, हातात रोपांच्या जुड्या. पाणी किती ठेवायचं, ते किती गार आहे, मुळं कुठवर गेली, सगळं वहीत लिहायचं. भात निसवलं की लोंबीवरचं इवलंसं फूल उमलताना कॅमेऱ्यात धरायचं. तुमच्यापैकी भातवाल्या बायकांना माहीत आहे, ते फूल थोडाच वेळ उघडतं आणि मिटतं. त्या सिनेमात ते पडदाभर मोठं दिसतं.

शेजारच्या डोंगरातल्या फुरुयाशिकी नावाच्या वाडीवर त्यांचा सिनेमा १९८२ साली पुरा झाला. साडेतीन तासांचा. वाडीत तेव्हा जेमतेम आठ घरं उरली होती. बाकीचे पोटापाण्यासाठी निघून गेलेले. एका उन्हाळ्यात डोंगरावरून गार हवा खाली उतरली आणि भाताचे दाणे पोचट राहिले. ती हवा कुठून आली, कुठल्या शेतात साचली, कुठलं शेत वाचलं, हे सिनेमात एखाद्या जाणत्या शेतकऱ्यानं सांगावं तसं उलगडून दाखवलंय. मग तिथली म्हातारी माणसं बोलतात. कोळसा कसा पाडायचो, रेशमाचे किडे कसे पाळायचो, लढाईत कोण गेलं, कोण परत आलं नाही. आठ घरांची वाडी, पण तिच्यात अख्ख्या जपानचं शतक सापडतं.

पाच वर्षांनी, १९८७ साली मागिनोचा सिनेमा आला. तीन तास ४२ मिनिटांचा, राहायला आल्यापासून १३ वर्षांनी. त्याच्या नावाचा अर्थ असा, की हजार वर्षांच्या खुणा कोरलेलं सूर्यघड्याळ. त्यात भात आहे, शेतात सापडलेली हजारो वर्षांपूर्वीची मडकी आहेत आणि अठराव्या शतकात याच भागातल्या शेतकऱ्यांनी सारावसुलीविरुद्ध केलेला उठावही आहे. गंमत बघा, त्या उठावाच्या प्रसंगात आजच्या गावकऱ्यांनीच आपल्या पूर्वजांची सोंगं घेतली. हा सिनेमा दाखवायला क्योटो शहरात माती, लाकूड आणि गवताचं छप्पर वापरून एक खास थिएटर उभं केलं होतं. गावाचा सिनेमा गावासारख्याच घरात.

हे सगळं ऐकून मन भरून येतं. पण आपण बचत गटाच्या बायका. आपल्याला हिशेब बघायची सवय आहे. म्हणून मी विचारते, १३ वर्षं ही मंडळी एकत्र राहिली, त्यांना पगार नव्हता, तर त्यांना दोन वेळचं जेवण कोण करून घालत होतं?

बायका. त्या मंडळींत काही बायकाही होत्या, ओगावांच्या पत्नीही त्यांत होत्या. त्याही सिनेमासाठीच घर सोडून आल्या होत्या. पण स्वयंपाक, धुणीभांडी, घर चालवणं हे त्यांच्याकडे गेलं. दिग्दर्शक, कॅमेरावाले, निर्णय घेणारे पुरुष. सगळं जग बदलायला निघालेल्या, शेतकऱ्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या घरातही चूल मात्र तिथंच राहिली जिथं ती आपल्या घरात असते.

हे बाहेर आलं ते एका बाईमुळे. बार्बरा हॅमर या अमेरिकी दिग्दर्शिकेनं २००० साली ओगावांच्या मंडळींवरच एक माहितीपट केला. तिनं जुन्या साथीदारांना बोलतं केलं आणि बायकांनाही विचारलं, की तुमचे ते दिवस कसे गेले? तेव्हा त्या चुलीची गोष्ट पडद्यावर आली. ओगावा तोवर हयात नव्हते. १९९२ साली ते वारले, आणि त्यांच्यामागे मोठं कर्ज राहिलं होतं.

त्यांचे सिनेमे यामुळे खोटे ठरत नाहीत. ते आजही बघण्यासारखे आहेत. पण 'कमी पैशांत केलेला सिनेमा' असं कुणी म्हटलं की आपण एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे. जो पैसा खर्च झाला नाही, त्याच्या जागी कुणाचे हात खपले? आपल्या गावात कुठलंही मोठं काम 'लोकवर्गणीतून, श्रमदानातून' झालं असं पाटीवर लिहितात. वर्गणीदारांची नावं असतात. पंगतीच्या भाकऱ्या ज्यांनी भाजल्या त्यांची नसतात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ओगावांचा एक सिनेमा अर्धवट राहिला होता. पर्सिमन नावाचं टोमॅटोसारखं लालसर फळ त्या भागात पिकतं. ते सोलून, दोरीला टांगून वाळवतात. ते सोलायची यंत्रं गावातल्यांनीच कशी सुधारत नेली, याची ती गोष्ट होती. ती चीनच्या पेंग शियाओलियान या दिग्दर्शिकेनं पुढे २००१ साली पुरी केली. शेवटी एका बाईच्याच हातून काम तडीस गेलं.

आपल्याकडेही वेळ घालून केलेले सिनेमे आहेत. ११ जुलै १९९७ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. आनंद पटवर्धन यांनी तेव्हा चित्रण सुरू केलं आणि 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून मोठा माहितीपट २०११ साली पुरा झाला. १४ वर्षं. वस्तीतल्या लोकांचं दुःख आणि शाहिरांची गाणी त्यात राहिली. आणि शेजारच्या तेलंगणात, जहीराबादजवळच्या गावांत, शेतमजुरी करणाऱ्या दलित बायका स्वतः कॅमेरा शिकल्या. त्यांचं संघम रेडिओ केंद्र २००८ पासून चालतं. त्यांनी चित्रणाच्या पद्धतींना आपली नावं दिली. समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवरून घेतलेल्या चित्राला त्या 'संघम शॉट' म्हणतात. संघात कुणी वर नसतं, कुणी खाली नसतं, म्हणून.

मग मैत्रिणींनो, आपण काय करू शकतो?

रिळाचा खर्च आता उरलेला नाही. गटात दोन-तीन चांगले मोबाईल असतातच. आपल्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांना १९७२चा दुष्काळ आठवतो. कुणी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या, कुणी खडी फोडली, कुणी झाडाला झोळी बांधून लेकरू निजवलं. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. कागदोपत्री हजेरीपट असतील, पण कामावरून आल्यावर पुन्हा चूल कुणी पेटवली, हे हजेरीपटात नसतं. ते फक्त या आज्यांना माहीत आहे. त्या गेल्या की ते गेलं.

दर महिन्याला एका आजीकडे जा. वर्षाला बारा जणी होतील. पहिल्या भेटीत मोबाईल काढू नका, चहा प्या, भाजी निवडू लागा. दुसऱ्या भेटीत परवानगी विचारा. नको म्हणाली तर नको. मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, दार आणि खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर येऊ द्या. पंखा, टीव्ही बंद करा, कारण आवाज बिघडला तर सगळं वाया जातं. ती थांबली तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. काय पिकवत होता, हे जसं विचाराल, तसं कोण रांधत होतं, शेवटी कोण जेवत होतं, हेही विचारा. नाव, गाव, तारीख वहीत लिहा. आणि रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा, एक मोबाईलमध्ये, एक पेन ड्राइव्हवर. मोबाईल हरवला तरी आजीचा आवाज हरवायला नको.

आणि पहिल्या दिवसापासून हिशेबाच्या वहीत एक पान वेगळं काढा. ज्या दिवशी चौघी चित्रणाला गेल्या, त्या दिवशी त्यांच्या घरचं, लेकरांचं कुणी बघितलं, मागचं काम कुणी ओढलं, त्यांची नावं तिथं लिहा. पाळी लावा, म्हणजे नेहमी त्याच दोघी मागे राहणार नाहीत. ज्या दिवशी हे चित्रण गावासमोर दाखवाल, त्या दिवशी ते पान मोठ्यानं वाचा, अगदी सुरुवातीला.

तुमच्या पहिल्या आजीचं बोलणं झालं की केंद्रावर घेऊन या. आपण ते सगळ्या मिळून ऐकू.

नमस्कार.