ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र आणि रायगडचा किनारा

बेकायदा मासेमारीला आळा घालण्यासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ९ जानेवारी २०२५ रोजी ड्रोनद्वारे सागरी टेहळणी सुरू केली. त्यासाठी किनाऱ्यावर निवडलेल्या नऊ ठिकाणांमध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा आणि श्रीवर्धन यांचा समावेश होता. एलईडी दिव्यांच्या झोतात केली जाणारी मासेमारी, पावसाळी बंदीच्या काळात समुद्रात जाणाऱ्या नौका यांवर गस्तीनौकेबरोबरच आकाशातूनही नजर ठेवणे हा त्यामागील हेतू होय. लग्नसमारंभाचे आणि अलिबाग, मुरूड, दिवेआगर येथील पर्यटनस्थळांचे चित्रीकरण, जमिनीची मोजणी, पिकांवरील फवारणी ही कामे त्याआधीच ड्रोनकडे आली होती. त्यामुळे ड्रोन चालविणे हा छंद न राहता व्यवसाय झाला आहे. या व्यवसायात येण्याचा कायदेशीर मार्ग फारसा कठीण नाही. मात्र त्याविषयी गैरसमज बरेच आहेत.

परवाना नव्हे, प्रमाणपत्र

केंद्र सरकारचे ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेले अधिक जाचक नियम त्यामुळे रद्द झाले आणि अर्जांची संख्या २५ वरून ५ वर आली. फेब्रुवारी २०२२ मधील दुरुस्तीने ‘परवाना’ हा शब्दच वगळण्यात आला. त्याऐवजी ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ आले. ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेमार्फत मिळते.

उमेदवाराचे वय १८ ते ६५ वर्षे असावे आणि तो दहावी उत्तीर्ण असावा, एवढीच मुख्य अट आहे. पूर्वी पासपोर्ट आवश्यक होता. सप्टेंबर २०२३ मधील दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवाना यांवरही अर्ज करता येतो. पासपोर्ट नसलेल्या गावोगावच्या तरुणांसाठी ही मोठीच सोय झाली. प्रमाणपत्र १० वर्षे वैध असते.

वजनानुसार ड्रोनचे पाच वर्ग आहेत : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढील लार्ज. नॅनो ड्रोनसाठी प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोन केवळ हौसेसाठी उडविल्यास त्यालाही ते लागत नाही. पण त्याच ड्रोनने पैसे घेऊन चित्रीकरण केले की ते आवश्यक ठरते. शिवाय प्रमाणपत्र ज्या वर्गाचे आणि प्रकारचे असेल, त्याच वर्गाचे व प्रकारचे ड्रोन चालविता येते.

प्रशिक्षण

प्रशिक्षण साधारणतः पाच दिवसांचे असते. नियम, उड्डाणाची तत्त्वे, हवामान, बॅटरीची निगा आणि आणीबाणीत करावयाची कृती हे विषय वर्गात शिकविले जातात. त्यानंतर संगणकावरील सिम्युलेटरवर आणि मग मैदानावर प्रत्यक्ष सराव होतो. अखेरीस परीक्षा घेतली जाते. महिला बचत गटांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ दिवसांच्या प्रशिक्षणापैकी पाच दिवस चालकाच्या प्रशिक्षणाचे आणि उरलेले दहा शेतीतील वापराचे ठेवण्यात आले. ड्रोन हवेत स्थिर ठेवणे आणि त्याच्याकडून काम करवून घेणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे त्यावरून ध्यानात यावे.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा खासगी दाखला म्हणजे रिमोट पायलट सर्टिफिकेट नव्हे. हा फरक न कळल्यास शुल्क आणि वेळ दोन्ही वाया जातात.

तीन रंगांचा नकाशा

प्रमाणपत्र हाती आले म्हणजे कोठेही उडण्याची मुभा मिळाली, असे नाही. देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या क्षेत्रांत विभागलेले आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची आणि तांबड्यात केंद्र सरकारची परवानगी आवश्यक असते. विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी उंचीची मर्यादा २०० फूट आहे. ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच परवानगी लागते. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्याने पनवेल आणि उरण परिसरातील चालकांना हे अंतर आता मोजूनच काम घ्यावे लागते.

रायगडच्या किनाऱ्यावर आणखीही बंधने आहेत. उरणला बंदर, तेल प्रकल्प आणि नौदलाचा तळ आहे, तर थळला खत कारखाना आहे. जंजिरा आणि कुलाबा हे जलदुर्ग राष्ट्रीय संरक्षित स्मारके असल्याने तेथील चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची, तर फणसाड अभयारण्यात वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली होती, तर १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वर येथे बंदुका असलेली बेवारस नौका आढळली. येथील पोलीस यंत्रणा अनोळखी ड्रोनकडे संशयाने पाहते, त्यास ही पार्श्वभूमी आहे. पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ दर्जाचे अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरते तांबडे क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतात. म्हणून काल हिरवी असलेली जागा आज तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. नियमभंगाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

समुद्रावरचे उड्डाण

मैदानावर शिकलेल्या चालकाला समुद्र नव्याने शिकावा लागतो. दुपारनंतर वारा जोर धरतो. जाताना पाठीशी असलेला वारा परतताना समोरून येतो आणि बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. लोखंडी नौकेवर ड्रोनचे होकायंत्र बिघडू शकते. बॅटरी संपत आली की बहुतेक ड्रोन उड्डाणस्थळी आपोआप परततात. पण नौका दरम्यान पुढे गेलेली असेल, तर त्या जागी केवळ पाणी असते. लाटांच्या हलत्या पृष्ठभागामुळे खालच्या बाजूचे संवेदकही फसतात. खाऱ्या हवेने मोटारी आणि जोड गंजतात, म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर यंत्र पुसून कोरडे करणे हा किनाऱ्यावरील चालकाचा नित्यनेम असावा लागतो.

अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत त्याची माहिती देणे बंधनकारक आहे. नॅनो वगळता अन्य ड्रोनना त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमाही आवश्यक आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूडकडील नारळ-सुपारीच्या वाड्या भुईसपाट केल्या. झाडे पडून रस्ते बंद झालेल्या अशा प्रसंगी, जेथे पंचनाम्यासाठी माणूस लवकर पोहोचत नाही तेथे ड्रोन पोहोचते. त्या वेळी नकाशा, वारा आणि नियम या तिन्हींचे भान असलेला चालक गावातच असणे, ही किनाऱ्याची खरी गरज आहे. त्यासाठी पाच दिवसांचे प्रशिक्षण ही सुरुवात आहे. पुढचे शिक्षण प्रत्येक उड्डाणात होत राहते.