आसाचे तेल : पूर्णेच्या बैलगाडीपासून लिमिटेड स्लिप डिफरन्शियलपर्यंत

चाक आसाला कसे जोडले आहे, यावर त्या आसाला कोणते तेल लागेल हे ठरते. बैलगाडीत आस जागचा हलत नाही, चाके त्याच्यावर सुटी फिरतात. रेल्वेच्या डब्यात चाके आसावर पक्की दाबून बसवलेली असतात आणि आसासकट फिरतात. मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये आस मधोमध तोडलेला असतो आणि त्याच्या दोन भागांमध्ये डिफरन्शियल बसवलेले असते. परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे काळ्या मातीच्या मुलखातले रेल्वे जंक्शन. या तिन्ही तऱ्हांच्या आसांवरून इथला माल वाहिला गेला आणि प्रत्येक वेळी तेलाचा प्रश्न नव्याने सोडवावा लागला.

बैलगाडीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. पूर्णा नदी याच तालुक्यात गोदावरीला मिळते; दोन्ही नद्यांच्या काठची जमीन खोल, काळी आणि पावसात चाक धरून ठेवणारी. गाडीवर कापसाचे किंवा ज्वारीचे ओझे, चाल बैलाच्या पावलाची. वेग कमी आणि भार जास्त असला की तुंबा आणि आस यांच्यामधले पातळ तेल दाबाने बाहेर निघून जाते आणि धातूवर धातू घासू लागतो. वेगाने फिरणारा आस तेलाला स्वतःच खाली ओढून घेतो आणि त्याच्या थरावर तरंगतो. बैलगाडीच्या संथ चाकाला हे साधत नाही, म्हणून त्याला दाट आणि चिकटून राहणारे तेल हवे.

घरात तेले होती, पण सगळी कामाची नव्हती. मराठवाडा हा करडईचा प्रदेश. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हे करडईचे वाणही दिले. पण करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल सुमारे तीन चतुर्थांश असते, आणि असे तेल हवेत राहिले की हळूहळू सुकते. जवसाचे तर त्याहून लवकर सुकते; रंगांसाठी हा गुण, आसासाठी दोष. तुंब्यात त्याचा डिंकासारखा चिकटा होतो, त्यात धूळ मिसळते आणि ती धूळच आस कातू लागते. एरंडेलाचे तसे नाही. त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास आम्ल रिसिनोलिक असते. त्यामुळे ते खाद्यतेलांपेक्षा कितीतरी दाट असते, धातूला घट्ट धरते आणि लवकर सुकत नाही. एरंडीचे बी भाजायचे, कुटायचे, पाण्यात उकळायचे आणि वर येणारे तेल काढून घ्यायचे, ही रीत घरोघरी जमण्यासारखी होती. निजामाच्या राज्यात, विशेषतः तेलंगणात, एरंडीचे पीक मोठे होते.

वंगण घालायचे तर गाडीला टेकू देऊन चाक अधांतरी करायचे, आसाच्या टोकाची खीळ काढायची, चाक हातभर बाहेर सरकवायचे, तेलात भिजलेल्या चिंध्या आसाभोवती गुंडाळायच्या आणि चाक पुन्हा आत ढकलायचे. चिंध्यांचे काम तेल धरून ठेवण्याचे. जुने वंगण काळे पडून बाहेर ओघळे, तेव्हा नव्याची वेळ झाली असे समजत. करडईलाही मात्र एक जागा होती. बी कोरडेच तापवून काढलेले तिचे काळे, चिकट तेल मोटेच्या चामड्याला आणि विहिरीच्या दोराला लावत, कारण तिथे पाणी थोपवायचे असते आणि सुकून थर धरणे हाच तिथे फायदा असतो. एकाच बियाचे तेल एका कामात वर्ज्य आणि दुसऱ्या कामात पसंतीचे, ही गोष्ट मोटारीच्या तेलापर्यंत पोचताना पुन्हा भेटते.

1900 च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोऱ्याचा मीटर गेज लोहमार्ग मनमाडपर्यंत पोचला आणि पूर्णा त्या मार्गावरचे स्टेशन झाले. 1912 मध्ये इथून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि स्टेशनचे जंक्शन झाले. वाफेच्या इंजिनांसाठी शेड उभी राहिली. रेल्वेच्या आसाला डिफरन्शियल नसते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. त्याची सोय चाकाच्या उताराने होते. चाकाची कड किंचित निमुळती घडवलेली असते, वळणावर जोडी बाहेरच्या बाजूला सरकते आणि बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर चालते. तीव्र वळणावर एवढे पुरत नाही आणि चाक रुळावर घासत कर्कश आवाज करते.

म्हणजे तेलाची गरज चाकात नाही, आसाच्या टोकाला असलेल्या ॲक्सल बॉक्समध्ये. जुन्या डब्यांत आसाच्या टोकावर पितळी बेअरिंग वरून टेकलेले असे. त्याला आतून पांढऱ्या धातूचा मऊ थर. खाली तेलात भिजलेले लोकरीचे किंवा सुताचे वेस्ट दाबून भरलेले. आस फिरताना तेल वर ओढून घेई. तत्त्व बैलगाडीच्या चिंध्यांचेच, पण वेग मोठा, म्हणून तेल तुलनेने पातळ. एकोणिसाव्या शतकात भारतीय रेल्वेवर एरंडेलाचा वापर वंगणासाठी आणि दिव्यांसाठीही होत असे. पुढे खनिज तेलाने त्याची जागा घेतली. ही दोन तेले साध्या तापमानाला एकमेकांत नीट विरघळत नाहीत, म्हणून एकात दुसऱ्याची भर घालून काम भागत नसे. इंजिनाच्या सिलिंडरात मात्र खनिज तेलातही थोडी चरबी मिसळावी लागे, कारण ओल्या वाफेने निव्वळ खनिज तेल धुऊन जाते आणि चरबीचे रेणू धातूला धरून राहतात.

वेस्ट सुकले किंवा बॉक्समध्ये पाणी शिरले की ‘हॉट ॲक्सल’ होई. गाडी थांबली की कॅरेज-वॅगनचा कर्मचारी डब्यांच्या बाजूने चालत प्रत्येक बॉक्सला हाताची मागची बाजू लावी. हात टिकला तर ठीक. चटका बसला तर झाकण उघडून पाहणी. पांढरा धातू मुद्दाम लवकर वितळणारा निवडलेला असतो, म्हणजे आसाच्या आधी तो जातो आणि जळक्या तेलाचा वास वेळीच इशारा देतो. या कामाला भारतीय रेल्वेच्या इतिहासात मिळाले त्याहून मोठे स्थान मिळायला हवे. आस मोडून घसरणारी गाडी ज्यांनी थांबवली, त्यांची नावे कुठल्या फलकावर येत नाहीत.

वाफेच्या इंजिनात आणखी एक पेटी असे, रेतीची. ओल्या रुळावर चाके जागच्या जागी फिरू लागली की ड्रायव्हर चाकांपुढे रेती सोडी. एकाच यंत्रात काही इंचांच्या अंतरावर एका जागी घसरण हवी आणि दुसऱ्या जागी पकड. दोन्ही जागा वेगळ्या होत्या तोवर तेल आणि रेती वेगळी ठेवणे सोपे होते. मोटारीने त्या दोन्ही एकाच पेटीत आणल्या.

डिफरन्शियलचे पेटंट फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर यांनी 1827 मध्ये घेतले, तेही वाफेच्या गाडीसाठी. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दात्यांची रचना आजही मुळात तशीच आहे. तिचा दोष असा, की ती दोन्ही बाजूंना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात सुटले की त्याला फिरवायला जेवढा किरकोळ जोर लागतो, तेवढाच दुसऱ्या, कोरड्या चाकाला मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. पूर्णेच्या शेतातून उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हे रोजचे. म्हणून ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचा पेडल असतो; तो दाबला की दोन्ही चाके एक होतात, आणि पक्क्या जमिनीवर यायच्या आत सोडावा लागतो.

तेलाची खरी अडचण 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. अमेरिकेतील पॅकार्ड या मोटार कंपनीने हायपॉइड क्राउन-पिनियन आणले. पिनियन मध्यरेषेखाली बसल्यामुळे गाडीची तळफळी खाली आली, पण दाते एकमेकांवर नुसते लोळण्याऐवजी लांबीच्या दिशेने घासत सरकू लागले. त्या दाबाखाली साध्या तेलाचा थर तुटतो. मग तेलात गंधकाची संयुगे मिसळली गेली, पुढे गंधक आणि फॉस्फरस दोन्ही. दाते तापले की ही संयुगे लोखंडाशी संयोग पावून पृष्ठभागावर एक पातळ, झिजणारा थर तयार करतात. झिजतो तो थर, दाता वाचतो. गेअर ऑइलचा डबा उघडताच येणारा उग्र वास या गंधकाचा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) प्रतवारीत हायपॉइडसाठी जीएल-5 लागते. जीएल-4 मध्ये अशी संयुगे साधारण निम्मी. गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझरला जीएल-5 मानवेलच असे नाही, म्हणून ‘वरचा नंबर तो चांगला’ हा हिशोब इथे चुकतो.

स्पोर्ट्स कारला डिफरन्शियलचा तो दोष चिखलात नव्हे, वळणावर भोवला. 1930 च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांचा जोर इतका होता की वळणात आतले हलके झालेले चाक नुसते फिरत राही. फर्डिनांड पोर्शे यांच्या मागणीवरून झेडएफ या जर्मन कंपनीने लिमिटेड स्लिप डिफरन्शियल घडवले. 1956 मध्ये पॅकार्डने ते रस्त्यावरच्या गाडीत दिले. नेहमीच्या प्रकारात डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना क्लच प्लेटा असतात. जोर वाढला की त्या दाबल्या जातात आणि दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधतात.

या प्लेटा क्राउन-पिनियनच्याच तेलात बुडालेल्या असतात. दात्यांना घसरण हवी, प्लेटांना मोजकी पकड. निव्वळ जीएल-5 तेलात हळू वळताना प्लेटा धरतात, सुटतात, पुन्हा धरतात, आणि मागून थरथरीसह कुरकुर ऐकू येते. कारण थांबलेल्या प्लेटांमधले घर्षण सरकत्या प्लेटांपेक्षा जास्त असते. ते उलटे किंवा निदान सारखे करायला घर्षण नियंत्रक मिसळतात. एका टोकाने धातूला धरणारे हे लांब साखळीचे रेणू मेदाच्याच कुळातले. बराच काळ हे काम स्पर्म देवमाशाच्या तेलाने केले. 1970 मध्ये अमेरिकेने तो देवमासा संकटग्रस्त यादीत घातला आणि बदली पदार्थ शोधावे लागले, त्यांत होहोबाच्या बियांचे तेलही होते. नियंत्रक जास्त झाला तर आवाज जातो, पण पकडही जाते आणि लिमिटेड स्लिप नावापुरते उरते. म्हणून शर्यतीचे लोक थोडी कुरकुर सहन करून कमी नियंत्रक वापरतात. दाते आणि वर्म यांवर चालणाऱ्या टॉर्सन प्रकारात प्लेटा हे मुख्य साधन नसते. त्याला साधे जीएल-5 पुरते आणि नियंत्रक घातल्याने त्याची धरण्याची ताकद घटू शकते.

पूर्णेत स्पोर्ट्स कार विरळा, पण हाच प्रश्न ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगमध्ये रोज असतो. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये गेअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि ब्रेकच्या प्लेटा एकाच तेलात चालतात. त्यात गॅरेजमध्ये ‘नव्वद नंबर’ म्हणून मिळणारे साधे गेअर ऑइल ओतले तर ब्रेक ओरडतात किंवा नीट धरत नाहीत; तिथे कंपनीने सांगितलेले वेट ब्रेकचे तेलच लागते. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या 2020 च्या पिढीतल्या काही गाड्यांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. तिथेही मॅन्युअलमध्ये दिलेली प्रतच पाळावी.

प्लेटांच्या डिफरन्शियलचे तेल निवडताना आधी प्रकार ओळखावा, मग जीएलची प्रत, मग दाटपणा. 75 डब्ल्यू-90 मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या तेलाचा. पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या मुलखात, ओझे ओढायचे असेल आणि मॅन्युअलमध्ये मुभा असेल, तर 85 डब्ल्यू-140 घेता येते. नियंत्रक तेलात आधीच असेल तर वेगळी बाटली ओतू नये. तेल बदलताना गाडी थोडी चालवून गरम असतानाच खालचा बोल्ट काढावा, म्हणजे प्लेटांची झिजलेली भुकटी तेलाबरोबर निघते. नवे तेल भरण्याच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरावे. मग मोकळ्या मैदानात गाडी हळूहळू इंग्रजी आठच्या आकड्यात दोन्ही अंगांनी फिरवावी, म्हणजे नवे तेल प्लेटांच्या मध्ये पोचते आणि पहिल्या फेऱ्यांतली कुरकुर पुढे थांबते. ती थांबली नाही, तर नियंत्रक थोडाथोडा वाढवून पाहावा. तरीही राहिली, तर झीज प्लेटांची आहे आणि तिथे तेलाचा इलाज चालत नाही.